"नदी पातळी" कुठं गेली?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

सांगलीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे आणि घर काकानगरला, म्हणजे पावसाळा लागला की दिवसातून दहादा कृष्णेची पातळी बघणाऱ्यांतली मी. ज्यांचं घर नदीकाठी नाही त्यांना हे पत्र किरकोळ वाटेल, एका वेबसाइटचा मेनू बदलला एवढंच तर झालंय, पण गेले पंधरा दिवस दुकानात येणारं प्रत्येक माणूस ह्याच एका गोष्टीवर बोलतंय म्हणून लिहायला बसले.

पाऊस, धरणसाठा, विसर्ग, नदीची पातळी असं सगळं एका जागी दाखवणारी ही साइट, नाव मुद्दाम घेत नाही, मला कुणाची बदनामी करायची नाही, काम दुरुस्त व्हायला पाहिजे. आधी ती उघडली की वरच एका ओळीत पाच शब्द दिसायचे, पाऊस, धरणसाठा, विसर्ग, नदी पातळी, संपर्क. जुनाट होती, मोबाइलवर दोन बोटांनी ताणून मोठी करावी लागायची, पण चौथ्या शब्दावर बोट ठेवलं की कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळचा पातळीचा आकडा समोर. माझे अप्पा त्र्याहत्तर वर्षांचे, इंटरनेटमधलं त्यांना बाकी काही येत नाही पण एवढं यायचं, चष्मा न लावता यायचं, कारण शब्द कुठं आहे हे बोटाला माहिती होतं. आता नवीन साइटवर मोठा फोटो, त्याच्यावर घोषवाक्य, आणि कोपऱ्यात तीन आडव्या रेघा, सगळं त्या रेघांच्या आत. पहिल्या दिवशी अप्पांनी मोबाइल माझ्यापुढं धरला आणि विचारलं, "आगं, नदी कुठं गेली?"

मी शोधलं. रेघा दाबल्या की आमच्याविषयी, सेवा, माहिती, संसाधने, माध्यम कक्ष. आता नदीची पातळी म्हणजे सेवा का माहिती का संसाधन, हे माणसानं कसं ओळखायचं? मी दिवसभर असल्याच साइटवर काम करते तरी मला चार मिनिटं लागली. माहितीत अहवाल, अहवालात दैनंदिन, दैनंदिनमध्ये पीडीएफ, ती डाउनलोड करायची आणि मग बारीक अक्षरातल्या तक्त्यात आयर्विन शोधायचं. अप्पांच्या अंगठ्याला शेतातल्या कामानं भेगा पडल्यात, त्या रेघांना बोट लावलं की शेजारची घंटाच दाबली जाते. तीनदा तसं झालं, मग त्यांनी फोन खिशात ठेवला आणि पुलाकडं चालत गेले, पाणी डोळ्यांनी बघायला, भर पावसात.

लोकांच्या प्रतिक्रिया सांगते. आमच्या गल्लीत म्हशी असलेले एक तात्या आहेत, ते पातळी बघून ठरवतात जनावरं कधी हलवायची, ते म्हणाले साइट बंदच पडलीय वाटतं, दोन दिवस त्यांनी उघडलीच नाही. शेजारच्या काकूंना वाटलं आपलाच मोबाइल बिघडला आणि त्या दुरुस्तीला देऊन आल्या. एक आजोबा चिडले होते, म्हणाले विचारलं का आम्हाला कुणी. आणि कॉलेजची दोन पोरं म्हणाली ताई उलट भारी झालीये, पटकन लोड होते, मोबाइलच्या स्क्रीनवर बरोबर बसते. ते पण खरंय, आधी अक्षरं ताणत बसावं लागायचं ते आता नाही, आणि नवीन साइट करणाऱ्यांनी कष्ट घेतलेत हे दिसतंय. पण त्या पोरांना सुद्धा मी म्हटलं आजची पातळी काढून दाखवा, तर त्यांनी सरळ गुगलवर शोधली. मेनूला हातच लावला नाही.

ह्या तीन रेघा कुठून आल्या म्हणून मी जरा वाचलं. नॉर्म कॉक्स नावाच्या डिझायनरनी १९८१ साली झेरॉक्स कंपनीच्या स्टार कॉम्प्युटरसाठी ते चिन्ह केलं होतं, पुढं मोबाइल आले, जागा कमी पडायला लागली आणि मग ते सगळीकडं झालं. जागा वाचवायला आहे, ठीक आहे. पण नीलसन नॉर्मन ग्रुप म्हणून वेबसाइट वापरणाऱ्यांचा अभ्यास करणारी संस्था आहे, त्यांनी २०१६ मध्ये लोकांकडून साइट वापरून घेऊन बघितलं तर मेनू असा झाकून ठेवला की आतल्या गोष्टी सापडायचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं. म्हणजे आमच्या गल्लीतली माणसं अडाणी आहेत म्हणून अडली असं कुणी समजू नये. विंडोजचं आठवत असेल, २०१२ ला विंडोज ८ आलं त्यात खालचं स्टार्ट बटणच काढून टाकलं होतं, जगभर लोक वैतागले आणि पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये कंपनीला ते बटण परत आणावं लागलं. एवढ्या मोठ्या कंपनीला मागं फिरायला कमीपणा वाटला नाही.

आणि इथं तर नुसत्या सोयीचा प्रश्न नाही. आयर्विनला ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे सांगलीतल्या लहान पोराला पण पाठ आहे. पण दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट, आमच्याकडं इशाऱ्याच्या आधीच पाणी दाराशी येतं, आम्हाला एकेक फूट मोजावा लागतो. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा काय झालं ते परत लिहायची ताकद नाही माझ्यात. वर कोयनेतून किती सोडलं, कराडच्या संगमापासून खाली काय येतंय, वारणा किती भरलीय, ती हरिपूरला कृष्णेला मिळते, हे सगळं बघून आम्ही ठरवतो गादी-गहू माळ्यावर टाकायचं का नातेवाइकांकडं निघायचं.

मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर मेसेज फिरला, पातळी ४३. कुणी पाठवला माहिती नाही. पूर्वी असं काही आलं की माणूस दोन मिनिटात साइट उघडून खातरजमा करायचा आणि ग्रुपवर टाकायचा, खोटं आहे, झोपा. त्या रात्री कुणालाच साइटवर आकडा सापडेना. आमच्या गल्लीत लोकांनी फ्रिज उचलायला सुरुवात केली, एक बाळंतीण होती तिला बाळासकट रिक्षात बसवून विश्रामबागला भावाकडं पाठवलं, पाऊस चालूच. मी दुकानात जाऊन कॉम्प्युटरवर ती पीडीएफ काढली तेव्हा कळलं पातळी बरीच खाली आहे. तोवर साडेबारा वाजले होते. खोटा मेसेज ही साइटवाल्यांची चूक नाही, पण खरा आकडा तीन दारांच्या आत ठेवला की खोट्याला मोकळं रान मिळतं.

अजून एक, माझ्याकडं एक ताई येतात, त्यांना दिसत नाही, मोबाइल वाचून दाखवतो ते ऐकून सगळं करतात. ह्या रेघांवर त्यांचा फोन नुसतं "बटण" म्हणतो, कसलं बटण ते सांगत नाही, कारण बनवणाऱ्यानं त्याला नावच दिलेलं नाही. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. बटणाला नाव द्यायला एक ओळ लागते.

तेव्हा संबंधितांना तुमच्या पेपरातून विनंती आहे, नवं रूप राहू द्या, आम्हाला जुनी साइट परत नको. फक्त नदी पातळी, विसर्ग, धरणसाठा हे तीन शब्द रेघांच्या बाहेर काढून पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात ठेवा आणि आकडा पीडीएफमध्ये नको, पानावरच दिसू द्या. तीन शब्दाला मोबाइलवर जागा होते, मी कागदावर आखून बघितलंय. आणि पुढच्या वेळी बदल करायचाच असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत करा, जून ते सप्टेंबर नको, आणि जुनी साइट निदान महिनाभर शेजारी चालू ठेवा, नदीकाठच्या दहा-वीस माणसांच्या हातात आधी देऊन बघा. अप्पा यायला तयार आहेत, मी विचारलंय त्यांना.

सध्या मी दुकानाच्या काचेवर एक चिठ्ठी चिकटवलीय, "तीन रेघा – माहिती – अहवाल – दैनंदिन – आयर्विन". येणारी-जाणारी माणसं थांबून तिचा फोटो काढून नेतात. काल एक बाई शाळेच्या वहीत उतरवून घेऊन गेल्या, त्यांच्याकडं फोटो काढायचा मोबाइल नव्हता, घरी गेल्यावर पोराला दाखवते म्हणाल्या.

आपली,
एक नियमित वाचक
काकानगर, सांगली