शिवाजीनगर कोर्टातल्या टायपिस्ट काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठेही घालायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून घालत नाही. पण ज्यांनी तुमच्या टेबलापुढे दहा मिनिटं काढली आहेत, ते त्या लाल कापडी बांधणीच्या वहीवरून तुम्हाला बरोबर ओळखतील.

मंगळवारी रात्री दादाचा टोरांटोहून फोन आला. आईचं मुखत्यारपत्र, म्हणजे तिच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दादाला देणारा कागद, तिथल्या वकिलांनी एकही शंका न काढता घेतलं. आईला सांगितलं तर ती आधी काय म्हणाली असेल? "त्या टायपिस्टना कळवलंस का?" म्हणून हे पत्र लिहायला बसले.

तुमच्याकडे येण्याआधीचे दोन महिने फार वाईट गेले, काका. कॅनडात टोरांटोजवळच्या मिसिसागाचा फ्लॅट बाबांनी तिकडे नोकरीत असताना घेतला. बाबा गेल्यावर तो आईच्या एकटीच्या नावावर झाला. आई ८२ वर्षांची, कंपवाताने हात थरथरतात, विमानप्रवासाला डॉक्टरांची सक्त मनाई. रिकाम्या घराचा मेंटेनन्स आणि टॅक्स दादा स्वतःच्या पगारातून भरत होता. घर विकायचं तर आईने दादाला मुखत्यारपत्र द्यायला हवं, आणि पुण्यात केलेला कागद तिकडे चालायला हवा. एवढीच गोष्ट होती.

आम्ही एका एजंटकडे गेलो. त्यांनी आपल्याकडचं ठरावीक कुलमुखत्यारपत्र काढलं, आईचं नाव, दादाचं नाव आणि पत्ता भरला, स्टॅम्प पेपर माझ्या नावावर घेतला आणि साक्षीदार म्हणून मला आणि माझ्या मिस्टरांना सही करायला लावली. आईचा हात बघून म्हणाले, "अंगठा घेऊ, सोपं पडेल." वर कॅनडाच्या वकिलातीचा शिक्का लागेल, दिल्लीला माणूस पाठवावा लागेल, म्हणून १४,००० रुपये सांगितले. पैशांचं मला तितकं वाटलं नाही. पण अंगठ्याचं ऐकून आई घरी येऊन रडली. तिने ३१ वर्षं शाळेत शिकवलंय. किती पोरांना सही करायला शिकवली, आणि तिलाच अंगठा लावायला सांगितलं.

तो कागद घेऊन मी तुमच्या टेबलाशी आले ती फक्त एक ओळ टाइप करून घ्यायला. तुम्ही ओळ टाइप केली नाहीत. चष्मा पुसलात आणि पूर्ण कागद वाचायला घेतलात. मागे पाच-सहा जण उभे होते. वाचून झाल्यावर विचारलंत, "ताई, तिकडच्या वकिलांनी काही पाठवलंय का?" मी फोनमधला मेल दाखवला. "हे दुसरं पान वाचलंत?" मी वाचलं नव्हतं.

त्या पानावर सगळं होतं. टोरांटो ज्या ओंटारिओ प्रांतात आहे, तिथे अशा मुखत्यारपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि देणाऱ्याचं मूल साक्षीदार चालत नाही. म्हणजे माझीच सही कागद बाद करणार होती. मसुदाही त्यांचाच हवा होता, 'कंटिन्युइंग' या शब्दासकट. तो शब्द तुम्ही मला टेबलावर बोट ठेवून समजावलात. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, देणाऱ्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली की दिलेला अधिकार संपतो. ओंटारिओत कागदावर तसं स्पष्ट लिहिलं असेल तर तो पुढेही चालू राहतो. आईच्या वयात हा फरक लहान नाही. आपल्याकडचा ठरावीक मजकूर तिकडे गेला असता तर काय झालं असतं, हा विचार आजही मनात येतो.

स्टॅम्प पेपरचंही तुमच्याच लक्षात आलं. सही पुण्यात होणार म्हणजे मुद्रांक महाराष्ट्राचा, आणि तो कागदातल्या पक्षकाराच्या नावानेच घ्यायचा. मी पक्षकार नव्हते. मग आईच्या नावाने ५०० रुपयांचा नवा स्टॅम्प पेपर घेतला आणि वकिलांचा मसुदा त्याला जोडला.

आणि मग ती वही. देशांच्या नावाने पानं पाडलेली, कडेला शाईने लिहिलेले शेरे. तुम्ही 'क'चं पान उघडलंत आणि माझ्याकडे फिरवलंत: "कॅनडा, ११ जानेवारी २०२४ पासून अपॉस्टिल." त्याखाली दोन रेघा. अपॉस्टिल म्हणजे आपला कागद परदेशात चालावा म्हणून आपल्याच सरकारने त्यावर लावायचं प्रमाणपत्र. म्हणजे वकिलातीचा शिक्का, दिल्लीला माणूस, त्या सगळ्याची गरज केव्हाच संपली होती. हेगच्या १९६१ च्या करारात भारत १४ जुलै २००५ पासून आहे, कॅनडा उशिरा आला. दोन्ही देश करारात असले की सहसा एका अपॉस्टिलवर काम भागतं. पुढची पानंही मी उलटून बघितली. दुबईच्या पानावर "करारात नाही, वकिलात लागेल" असं होतं. जर्मनीच्या पानावर लाल शाईत "करारात आहे, पण भारतापुरता त्यांचा आक्षेप, आधी तिकडे विचारणे" असं होतं. कुणाचं काय अडलं ते त्या त्या वेळी लिहून ठेवायचं, पुढच्याचं अडू नये म्हणून. ही वही तुम्हाला कुणी ठेवायला सांगितली नव्हती, काका. तिचा मोबदलाही तुम्हाला कुणी दिलेला नाही.

मला तेव्हा काहीच कळत नव्हतं. इतके शिक्के कशाला, असं मी जरा चिडूनच विचारलं. तुम्ही चिडला नाहीत. म्हणालात, "लग्नघरात अनोळखी माणूस आला तर आपण विचारतो ना, तुम्ही कुणाकडचे? तसंच आहे हे. टोरांटोतला माणूस मावशींना ओळखत नाही. नोटरी म्हणतो, या बाईंनी माझ्यासमोर सही केली. पण नोटरीला तरी तिकडे कोण ओळखतं? राज्याचा गृह विभाग म्हणतो, हा नोटरी आमचा. गृह विभागाला परराष्ट्र मंत्रालय ओळखतं. आणि परराष्ट्र मंत्रालयाला करारातले देश ओळखतात." त्या एका उत्तराने माझ्या डोक्यातला गुंता सुटला. पुढे हेही सांगितलंत की यातलं कुणीच आतला मजकूर बरोबर आहे असं म्हणत नाही. अपॉस्टिल सांगतं ते एवढंच, की सही खरी, सही करणाऱ्याचा हुद्दा खरा, शिक्का खरा. मजकुराची जबाबदारी आपली. "म्हणून तर वाचायचं, ताई."

सहीचा दिवस मी विसरणार नाही.

आईला रिक्षातून आणलं, पण फाटकापासून आत चालणं तिला जमेना. मी धावत तुमच्याकडे आले. नोटरी साहेबांसमोरच सही व्हायला हवी, आणि साहेबांपुढे तर रांग. तुम्ही हातातलं काम ठेवलंत, साहेबांशी दोन शब्द बोललात, आणि पाच मिनिटांत साहेब त्यांचं रजिस्टर बगलेत घेऊन फाटकाकडे निघाले. मागून तुम्ही, हातात टाइपरायटरखालचा पुठ्ठा आणि खिशात तीन पेनं. आमच्या सोसायटीतल्या दोघी शेजारणी साक्षीला आल्या होत्या, त्या रिक्षाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. रिक्षावाल्या दादांनी इंजिन बंद केलं.

साहेबांनी आईला मराठीत विचारलं, हा कागद कशाचा आहे, कुणाला अधिकार देताय, कुणी जबरदस्ती केली आहे का. आईने शाळेत द्यावं तसं स्पष्ट उत्तर दिलं. मग तुम्ही तो पुठ्ठा तिच्या मांडीवर ठेवलात आणि म्हणालात, "मावशी, पासपोर्टवर मराठीत सही आहे तुमची. तशीच करायची. आम्हाला घाई नाही."

आईने पेन धरलं आणि हात थरथरायला लागला. पहिलं पेन बोटांतून निसटलं. तुम्ही दुसरं दिलंत, जाड दांड्याचं, रबर गुंडाळलेलं. ते बहुधा अशाच हातांसाठी तुम्ही ठेवलेलं असणार. डाव्या हाताने तिने उजवं मनगट धरलं. आधी नावाचं पहिलं अक्षर, मग काना, मग थोडं थांबून पुढचं. शिरोरेघ तिने शेवटी ओढली, डावीकडून उजवीकडे, एका दमात, फळ्यावर ओढायची तशी. सहा पानं होती. प्रत्येक पानावर. अर्धा तास तरी लागला असेल. मधे एकदा मीच म्हणाले, "आई, राहू दे का?" तर तुम्ही मला हातानेच गप्प केलंत. शेवटच्या पानावर रेघ पूर्ण झाली आणि आईने मान वर केली. तिचा तो चेहरा मी बाबा गेल्यापासून पाहिला नव्हता.

मग साक्षीदारांच्या सह्या, नोटरी साहेबांचा शिक्का, तिकिटं, रजिस्टरमध्ये नोंद आणि अनुक्रमांक. तो अनुक्रमांक कागदावर नीट उमटलाय की नाही ते तुम्ही उन्हात धरून बघितलंत.

पुढचं सगळं तुम्ही सांगितलंत तसंच झालं. परराष्ट्र मंत्रालय २०१२ पासून लोकांकडून थेट कागद घेत नाही, त्यांनी नेमलेल्या एजन्सीकडेच द्यावे लागतात, आणि त्या एजन्सींची यादी मंत्रालयाच्या वेबसाइटवर आहे. तिथूनच निवडा, दुसऱ्या कुणाला मूळ कागद देऊ नका, हे तुम्ही दोनदा सांगितलंत. अपॉस्टिलची सरकारी फी कागदामागे ५० रुपये. त्यावर एजन्सीचा आकार आणि गृह विभागाच्या कामाचा खर्च धरूनही त्या १४,००० च्या जवळपासही आकडा गेला नाही. अकरा दिवसांत मुंबईहून कागद परत आला. शेवटच्या पानाच्या मागे चौकोनी स्टिकर, वर फ्रेंचमध्ये कराराचं नाव, खाली दहा क्रमांकित रकाने. त्यावरचा नंबर वेबसाइटवर टाकून तपासायचा हेही तुम्हीच सांगितलं होतं. तपासला, नोंद निघाली, मगच कुरिअर केलं.

एक गोष्ट मात्र माझ्या हातून होता होता राहिली. दादाला स्कॅन हवं होतं, म्हणून दुकानातला मुलगा पानं सुटी करायला पिन काढायला निघाला. तुमचा आवाज कानात घुमला: "पिन काढायची नाही, लॅमिनेशन करायचं नाही." मी ओरडलेच. पिन उचकटलेली दिसली की मधलं पान बदललं असा संशय घ्यायला जागा होते, आणि लॅमिनेट केलेल्या कागदावर पुढे शिक्का मारता येत नाही. पानं तशीच दुमडून त्याने स्कॅन केली. थोडी वाकडी आली, पण चालली.

त्या दिवशी मी पाकीट पुढे केलं तर तुम्ही टायपिंगचे १८० रुपये घेतलेत आणि बाकी परत केलेत. म्हणालात, "मावशींची सही झाली, तेवढं पुरे. ज्यांचं असं काम अडलंय त्यांना मात्र सांगा." म्हणून इतकं सविस्तर लिहिलं. पुण्यात घराघरांतून मुलं बाहेर आहेत, मागे राहिलेल्या आईवडिलांचे हात थरथरतात, आणि त्यांना विचारायला जवळ कुणी नसतं. असं कुणी हे वाचत असेल तर त्यांना माझं एकच सांगणं आहे. ज्या देशात कागद जाणार तिथल्या वकिलांकडून आधी मसुदा आणि साक्षीदारांचे नियम लेखी मागवून घ्या. आणि आईवडिलांना सही करता येत असेल तर ती त्यांना करू द्या, कितीही वेळ लागो.

काका, आभार हा शब्द मी आयुष्यात हजारदा वापरला असेन. आज तो मनापासून, पुरता अर्थ भरून लिहिते आहे. तुम्ही आमचं घर विकायला मदत केलीत हे तर आहेच. पण तुम्ही आईला तिची सही परत दिलीत. ती हल्ली रोज सकाळी चहा झाल्यावर वहीत पाच वेळा सही करते. डॉक्टर म्हणाले, चांगला व्यायाम आहे.

ती पुढच्या शुक्रवारी तुम्हाला भेटायला यायचं म्हणतेय. पुरणपोळ्या करणार मी, पण डबा तिला स्वतःच्या हाताने द्यायचाय. फाटकापर्यंत रिक्षाने येऊ. साडेबाराच्या सुमारास तुम्ही टेबलावर असाल का, तेवढं कळवा.

तुमची,
सहकारनगरची ताई