सेल नाण्याएवढाच का राहतो?

मा. संपादक, स. न.

ई-वाहनांचं अनुदान आणि चार्जिंग स्टेशनं यांवर आपल्या दैनिकात नेहमी वाचायला मिळतं. बॅटरीवर आपल्या विद्यापीठांत काय काम चालतं आणि ते पुढे कुठे अडतं, हे क्वचितच छापून येतं. म्हणून हे पत्र.

कराडला माझं बॅटरीचं दुकान आहे. इन्व्हर्टरच्या, ट्रॅक्टरच्या आणि अलीकडे ई-रिक्षाच्या बॅटऱ्या विकतो. सगळा शिसं-अ‍ॅसिडचा कारभार. ई-रिक्षावाला वर्ष-दीड वर्षात परत दारात उभा असतो. प्लेटा गेलेल्या असतात, मागचा हप्ता अजून फिटलेला नसतो आणि नवा संच घ्यायचा असतो. त्या माणसाला काय सांगावं, मला कळत नाही.

माझी पुतणी एका विद्यापीठात सोडियम-आयन सेलवर, म्हणजे लिथियमऐवजी सोडियमवर चालणाऱ्या बॅटरीच्या सेलवर, पीएचडी करते. लिथियम आपल्याला बाहेरून आणावं लागतं. सोडियम मिठातच आहे. या सेलमध्ये तांब्याच्या पत्र्याची गरज नाही, दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियम चालतं. ऋण बाजूचा कार्बन तर उसाच्या चिपाडापासूनही करता येतो, आणि आमच्या भागात चिपाडाला काय तोटा! हा सेल लिथियमपेक्षा जड, पण शिशापेक्षा बराच हलका. इन्व्हर्टर जागचा हलत नाही आणि ई-रिक्षाला ताशी २५ किलोमीटरची मर्यादा आहे. तिथे थोडं जास्त वजन कोणाला खुपणार?

पण तिचा सेल असतो २० मिलिमीटर व्यासाचा, नाण्याएवढा. आर्गॉन वायू भरलेल्या पेटीत हात घालून ती तो जुळवते. आत पत्र्यावर लेप दिलेला काही मिलिग्रॅम माल. तो शेकडो वेळा चार्ज-डिस्चार्ज होतो, पेपर छापला जातो आणि गाडी तिथेच थांबते. रिक्षाचा सेल करायचा तर तोच लेप मीटरच्या मीटर पट्टीवर एकसारखा द्यावा लागतो, वाळवून रुळाखाली दाबावा लागतो आणि कोरड्या हवेच्या खोलीत सेल बांधावा लागतो. नाण्यात गुणी वाटणारा लेप पट्टीवर तडकतो, सुटतो. ते कळायला यंत्रं लागतात, आणि ती तिच्या आवाक्यात नाहीत. मध्यंतरी तिची फेलोशिप पाच महिने रखडली, खोलीचं भाडं माझ्या भावानं भरलं. अशी मुलं परदेशी गेली तर दोष कोणाला द्यायचा?

लिथियम बॅटरीत कळीचा ठरलेला कोबाल्ट ऑक्साइडचा उपयोग १९८० साली ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ यांच्या गटानं शोधला. विद्यापीठानं पेटंटसुद्धा घेतलं नाही. १९९१ मध्ये बाजारात बॅटरी आणली ती जपानच्या सोनीनं. गुडइनफना २०१९ मध्ये नोबेल मिळालं, कारखाने मात्र आशियात उभे राहिले. ऑक्सफर्डचं हे झालं, तर आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजांचं काय?

आपल्याकडे जमतच नाही असं नाही. पुण्याच्या आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थेबरोबर काम करून केपीआयटी कंपनीनं डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान जाहीर केलं. पाठीशी कंपनी होती म्हणून ते प्रयोगशाळेबाहेर आलं. प्रत्येक विद्यार्थिनीला कंपनी कुठून मिळणार? केंद्राच्या नव्या संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५०,००० कोटींचा आकडा सांगितला गेला. त्यातला बहुतांश पैसा खासगी क्षेत्राकडून यायचा आहे.

माझी मागणी एवढीच: राज्य सरकारनं पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या विद्यापीठात असे सेल बनवायची छोटी लाइन उभारावी. कोणत्याही कॉलेजच्या मुलांना फी भरून ती वापरता यावी, आणि चालवायला कायमचे तंत्रज्ञ असावेत. नाहीतर यंत्रं येतात आणि प्लास्टिकच्या आवरणाखाली पडून राहतात.

तिथून तयार होणारे पहिले दहा संच माझ्या गिऱ्हाइकांच्या रिक्षांत बसवायला मी तयार आहे. दर आठवड्याला किती किलोमीटर चालले, किती चार्ज घेतला, याची वही मी स्वतः ठेवीन.

– एक बॅटरी विक्रेता, कराड