वस्ताद, तुम्ही मला पायांकडं बघायला शिकवलंत

आदरणीय वस्ताद,
सादर नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. तुम्ही मात्र हे पत्र वाचावं, म्हणून चारचौघांत आभार मानतोय.

‘ड्रंकन मास्टर’ हा १९७८ सालचा हाँगकाँगचा कुंग-फूचा सिनेमा. आम्ही पोरांनी तो गणपतीत गल्लीत व्हीसीआर लावून बघितला. भाषा कळायची नाही, पडद्यावर मुंग्या यायच्या, तरी जॅकी चॅन पडला की अख्खी गल्ली हसायची. इतक्या वर्षांनी परवा तो पुन्हा लावला आणि मन लागेना. गोष्ट पातळ वाटली. सुरुवातीला पोरीच्या मागं लागणारा नायक तर आता मुलीचा बाप म्हणून बघवत नव्हता. तिची आई त्याला तिथंच बुकलते, ते मात्र फार बरं वाटलं. मी बंद करणार, तेवढ्यात तुम्ही मंडळाच्या वर्गणीसाठी आलात आणि दारातूनच म्हणालात, “थांब रं. जरा मागं घे.”

मग बसलात आणि म्हणालात, “हाताकडं बघू नकोस. पायाकडं बघ.”

वस्ताद, त्या एका वाक्यानं माझा सिनेमा बदलला. दारुड्यासारखा झोकांड्या खाणारा तो माणूस एकदाही तोल सोडत नाही. वरचं अंग लुळं पडल्यागत हलतं; गुडघे वाकलेले, भार नेमका जिथं हवा तिथं. पडतानाही कुठल्या खांद्यावर पडायचं हे त्यानं आधीच ठरवलेलं असतं. तुम्ही तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावायला लावलात. कॅमेरा लांब उभा आहे, माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो आणि एकेका शॉटमध्ये डावांची लांब साखळी चालते, हे मला तेव्हा दिसलं. अशा ठिकाणी चुकलेलं पाऊल लपवता येत नाही. आजच्या मारामाऱ्यांत दर ठोशाला दृश्य तुटतं, म्हणून कोण खरा तयारीचा हे कळतच नाही.

ही तयारी एका सिनेमापुरती नव्हतीच. जॅकी चॅन लहानपणापासून पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे कसरती आणि गाण्यांच्या जुन्या चिनी नाटकाच्या, कडक शाळेत वाढला. म्हाताऱ्या गुरूचं काम करणारे युएन सिउ-तिएन त्याच परंपरेतले, आणि दिग्दर्शक युएन वू-पिंग हे त्यांचे चिरंजीव. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, “मग बरोबर हाय. घरातलंच इमान हाय.”

तालमीच्या दृश्यांवर तर तुम्ही किती वेळ थांबलात! उलटं टांगून, छोट्या वाट्यांनी खालचं पाणी वरच्या भांड्यात भरायचं. बोटांनी अक्रोड फोडायचे. गल्लीत आम्ही त्यावर पोट धरून हसलो होतो. तुम्ही हसला नाहीत. पोटाला किती ताण येतो, मनगट कुठं तयार होतं, करेला, म्हणजे तालमीतला जड लाकडी मुद्गल, फिरवताना आपल्याकडं हेच कसं साधतात, हे सगळं समजावून सांगितलंत. नायक त्या छळाला कंटाळून पळून जातो, मार खाऊन परत येतो, तेव्हा तुमचे डोळे भरले होते. मी काही विचारलं नाही.

आणि शेवटची झुंज. आठ दारुड्या देवांच्या नावानं लढायच्या आठ पद्धतींपैकी आठवी, बाईच्या लकबीची, नायकानं शिकताना टाळलेली असते. आता समोर खलनायकाच्या कामात ह्वांग जांग लीसारखा लाथांचा बादशहा, आणि गुरू नेमकी तीच मागतो. “जे टाळलं तेच अंगावर आलं बघ,” तुम्ही म्हणालात. मग तो आयत्या वेळी स्वतःची आठवी रचतो, तेव्हा तुम्ही मांडीवर थाप मारलीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला तालमीत बोलावून लाठीच्या पवित्र्यात उभं केलंत. मांड्या थरथरायला लागल्या, तरी तुम्ही “अजून खाली” म्हणतच राहिलात. पडद्यावरचं ते हसू किती महाग आहे, हे मला तिथं उमगलं. लहानपणी जे नुसतं आवडत होतं ते का आवडावं, हे सांगणारं कुणी मला आजवर भेटलं नव्हतं. त्यासाठी तुमचे मनापासून आभार.

माझी लेक आता तुमच्याकडं लाठी शिकायला यायचं म्हणतेय. तिला सोमवारपासून पाठवतो. आणि येत्या रविवारी ‘प्रोजेक्ट ए’ लावणार आहे. त्यात जॅकी चॅन घड्याळाच्या मनोऱ्यावरून खाली पडतो. तुम्ही आल्याशिवाय सुरू करणार नाही. जेवायलाच या, तांबडा-पांढरा करतोय.

आपला,
गल्लीतला एक पोरगा
कोल्हापूर