छत वाचवणाऱ्यांचे आभार

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आमचं जुनं घर आहे. यंदाच्या पावसात त्याच्या मधल्या खोलीचं छत ज्यांनी सावरलं, त्यांचे मनापासून आभार. नावं छापू नका असं त्यांनीच सांगितलंय.

सगळ्यात आधी गवंडीकाका. गिलाव्याचे पोपडे पडत होते आणि आम्ही वरून रंग मारून घ्यायच्या विचारात होतो. काकांनी काठीने छत ठोकून पाहिलं, जिथे पोकळ आवाज आला तिथे खडूने खुणा केल्या, खाली टेकू लावले आणि मगच छिन्नीला हात घातला. आतल्या सळ्या गंजलेल्या. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं, हे त्यांनी माझ्या आईलाही समजेल असं सांगितलं. तारेच्या ब्रशने गंज काढून, गंजरोधक लावून, पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने त्यांनी तो भाग भरला. गच्चीवर उताराचा नवा कोबा केला आणि पाणी साठवून गळती तपासल्याशिवाय हिशेब घेतला नाही. अशी माणसं फार थोडी.

भर पावसात गच्चीवर ताडपत्री बांधणारी शेजारची पोरं, तुंबलेला पाइप मोकळा करणारे दादा, आणि छत पुरतं सुकेपर्यंत रंग विकायला चक्क नकार देणारे दुकानदार, तुम्हा सगळ्यांचे आभार. आणि काम चालू असताना आईला स्वतःच्या घरी झोपायला नेणाऱ्या समोरच्या वहिनी, तुमचं ऋण मोठं आहे. दिवाळीला सगळ्यांनी फराळाला यायचंच.