दाखला द्यायचा तर पूर्ण द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्यातल्या नदीकाठ सुधारणेचा विषय निघाला की परदेशातल्या नद्यांचे दाखले हमखास येतात. फोटोत फरसबंदी, दिवे आणि बाकडी. मी लेकीकडे अमेरिकेत डुलुथला दोन उन्हाळे राहिले, तेव्हा तिथली सेंट लुईस नदी रोज दिसायची. तिचा दाखला कुणी देत नाही, म्हणून हे पत्र.

ही नदी सुपिरियर सरोवराला मिळते. मुखाशी सुमारे 12,000 एकरांची खाडी आहे, पण गोड्या पाण्याची! वारा आणि हवेचा दाब बदलला की परातीतलं पाणी हिंदकळावं तसं सरोवर हिंदकळतं आणि नदीत उलटं शिरतं. एका काठाला मिनेसोटा राज्य, दुसऱ्या काठाला विस्कॉन्सिन. मधून लोहखनिजाची जहाजं जातात. लाकूड गिरण्या, पोलाद कारखाना आणि कागद कारखान्यांनी या पाण्याची वाट लावली होती. पंचमहासरोवरांच्या काठच्या सर्वाधिक बिघडलेल्या 43 ठिकाणांच्या यादीत 1987 साली हिचं नाव आलं.

पण सुधारणेत आधी काय झालं ते पाहा. 1971 साली मिनेसोटाच्या बाजूला मैलापाण्यासाठी वेगळं मंडळ स्थापन झालं आणि 1978 मध्ये शहरांचं नि कागद कारखान्यांचं पाणी शुद्ध करणारं केंद्र सुरू झालं. मासे परतले ते त्यानंतर. खाडीच्या अधिवासांचा आराखडा आला 2002 मध्ये, तोही एका नागरिक समितीच्या पुढाकाराने. कुठली उथळ जागा राखायची, मासे कुठे अंडी घालतात, कुठल्या पाणवनस्पती परत आणायच्या, हा त्याचा विषय. पुढे ग्रासी पॉइंट इथे गिरण्यांचा शतकभर जुना लाकूडभुसा तळातून उपसला आणि शेजारच्या किंग्सबरी बेमधून काढलेला गाळ तिथेच नवी पाणथळ घडवायला वापरला. आपल्याकडे गाळ म्हटला की डंपर दिसतो.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या कामाची जबाबदारी ज्या चौघांवर आहे त्यात दोन्ही राज्यांच्या खात्यांबरोबर फोंड्युलॅक हा ओजिब्वे आदिवासींचा गटही आहे, आणि तो नुसता सल्ला द्यायला नाही. 1854 च्या तहाने त्यांना इथे मासेमारीचा आणि मनूमिन गोळा करण्याचा हक्क आहे. मनूमिन म्हणजे पाण्यात आपोआप उगवणारं धान्य. एक जण लांब दांड्याने होडी रेटतो, दुसरा काठीने ओंब्या वाकवून दाणे झोडतो. जे पाण्यात पडतात ते पुढच्या वर्षीचं बियाणं. आपल्या ऋषिपंचमीचं, न पेरता उगवणारं देवभात आठवलं, आणि हंगामही साधारण तोच! खाडीत हे धान्य पुन्हा पेरताहेत, तर कोवळी रोपं बदकांची मोठी भावंडं, कॅनडा गीज, फस्त करतात. त्यासाठी कुंपणं घालावी लागतात.

सगळं आलबेल झालेलं नाही, हेही सांगायला हवं. पोलाद कारखाना 1979 च्या सुमारास पूर्ण थांबला, पण त्याच्या काठचा विषारी गाळ काढायचं मोठं काम सुरू झालं 2020 मध्ये. त्याचा खर्च कंपनी आणि केंद्र सरकारने वाटून घेतला. नदी त्या यादीतून अजून सुटलेली नाही.

आमच्याकडे 44 किलोमीटर काठाचं काम चाललं आहे. आपल्या वार्ताहरांनी दोनच गोष्टी शोधून छापाव्यात: शहराचं किती मैलापाणी आज प्रक्रियेविना मुळा-मुठेत जातं, आणि आराखडा ठरवताना नदीवर मासे धरणाऱ्या भोई मंडळींपैकी किती जणांना बैठकीचं बोलावणं गेलं होतं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे