फोनच्या डब्यावर शेवटच्या अपडेटची तारीख छापा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

केंद्र सरकारची ती सायबर सुरक्षेची संस्था आहे ना, सर्ट-इन, ती अधूनमधून इशारा काढते की अँड्रॉइडमध्ये अमुक त्रुटी सापडल्यात, सगळ्यांनी फोन लगेच अपडेट करून घ्या, आणि तुमच्यासकट सगळे पेपर ते छापतात. छापलंच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. पण बातमी आली की दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात लोक हजर, "दादा तेवढं अपडेट मारून द्या की". बार्शीत माझं मोबाईल रिपेअरिंग आणि रिचार्जचं छोटं दुकान आहे, कॉम्बो (म्हणजे काच आणि डिस्प्ले) बदलणे, चार्जिंग जॅक, फुगलेल्या बॅटऱ्या असली सगळी कामं. तर फोन हातात घेऊन बघावं तर बऱ्याच फोनना द्यायला अपडेट शिल्लकच नसतं, कंपनीने ते कधीच बंद केलेलं असतं आणि गिऱ्हाईकाला त्याचा पत्ताच नसतो. त्यावरच हे पत्र आहे.

परवा भाजी विकणाऱ्या एक मावशी आल्या. फोन एकदम टकाटक, डिस्प्लेला ओरखडा नाही, बॅटरी दिवसभर जाते. म्हणाल्या मुलीने पेपरात वाचलंय, अपडेट करून द्या. सेटिंगमध्ये जाऊन सिस्टिम अपडेट दाबलं, थोडा वेळ गोल गोल फिरलं आणि फोन म्हणतो "तुमची सिस्टिम अप टू डेट आहे". मावशी खूष. मग मी 'फोनबद्दल' मध्ये जाऊन सुरक्षा अपडेटची ओळ उघडून दाखवली, तिथं तारीख ५ मे २०२२. (ही तारीख महिन्याची १ नाहीतर ५ असते, अँड्रॉइड बनवणारं गुगल पॅच, म्हणजे त्रुटींच्या दुरुस्त्या, तसेच काढतं.) आता फोन खोटं बोलत होता असं नाही म्हणता येणार, कंपनीने जेवढं दिलं तेवढं सगळं त्यात होतं, फक्त देणं कधीच बंद झालंय हे तो सांगत नव्हता. याच फोनवर मावशींचे पैसे येतात, याच फोनवर बँक, याच फोनवर गॅस सिलिंडरचा ओटीपी. "मग आता काय करू?" म्हणाल्या. नवीन घ्या म्हणायला माझी जीभ रेटेना, कारण फोनला धाड काय भरली होती?

तर माझं म्हणणं एवढंच आहे की ह्या मॉडेलला सुरक्षा अपडेट कोणत्या महिन्यापर्यंत आणि कोणत्या सालापर्यंत मिळणार ते कंपनीने डब्यावर छापावं, एमआरपीच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात. डब्यावर आज काय काय असतं बघा, एमआरपी, बनवल्याचा महिना, कोणत्या देशात बनला, कस्टमर केअर, शिवाय शरीरात किती रेडिएशन शोषलं जातं ती एसएआर व्हॅल्यू, जी आपल्याकडे किलोमागे १.६ वॅटच्या आत असावी लागते आणि जी आजपर्यंत एकाही गिऱ्हाईकाने मला विचारलेली नाही. जे खरंच विचारायला हवं तेच नाही. अहो, १ ऑक्टोबर २०२० पासून मिठाईच्या दुकानात सुट्ट्या पेढ्यांच्या ट्रेवरसुद्धा कधीपर्यंत खावेत ते लिहायचा नियम झालाय, आणि पंधरा-वीस हजारांच्या फोनला तसली काही सक्ती नाही.

काही कंपन्या वेबसाइटवर लिहितात, नाही असं नाही. पण त्यातही मेख आहे. "तीन वर्षं अपडेट" असं लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा मॉडेल बाजारात आल्या दिवसापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. आता आपल्याकडे काय होतं, स्वस्तातलं मॉडेल येतं, वर्षभर चालतं, मग जुनं झालं की दिवाळीच्या ऑफरला दोन हजार कमी करून तोच माल तालुक्याच्या गावांत येतो. शहरातल्या माणसाने पहिल्या महिन्यात घेतला त्याला तीन वर्षं मिळाली, आमच्याकडच्याने दीड वर्षाने घेतला त्याला उरली दीड, आणि दोघांच्या डब्यावर मजकूर सेम टू सेम.

५जीच्या नादात तर कमालच झाली होती. आपल्याकडे ५जी लिहिलेले पहिले फोन फेब्रुवारी २०२० ला विकायला आले आणि ५जी सेवा सुरू झाली १ ऑक्टोबर २०२२ ला, तीही निवडक शहरांत, महाराष्ट्रात पहिल्या झटक्यात मुंबई, नागपूर वगैरे. म्हणजे ज्याने हौसेने २०२० ला जास्तीचे पैसे मोजले त्याची अडीच वर्षं नुसती वाट बघण्यात गेली, आणि त्याच्या फोनला दोनच वर्षं अपडेट असतील तर नेटवर्क यायच्या आधीच फोनचं सॉफ्टवेअर निवृत्त. बरं नेटवर्क आलं तरी लगेच चालू झालं का, तर नाही, कारण फोनमध्ये चिप असून भागत नाही, त्या त्या कंपनीच्या नेटवर्कवर ५जी सुरू करायला सॉफ्टवेअर लागतं. आयफोनचंच बघा, बारा-तेरा-चौदा मॉडेलवाल्यांच्या हातात ५जीचा फोन होता, पण भारतात तो ५जी चालू झाला डिसेंबर २०२२ ला आयओएस १६.२ हे आयफोनचं अपडेट आल्यावर. त्यात जिओने ५जी स्वतंत्र पद्धतीने उभं केलं आणि एअरटेलने ४जीच्या टेकूवर, त्यामुळे एकच फोन एका सिमवर ५जी दाखवतो आणि दुसऱ्यावर नाही हे प्रकार मी काउंटरवर बसून बघितलेत, लोक सिमवाल्याला शिव्या घालत होते.

४जीच्या वेळेलाही हेच. जिओ २०१६ च्या सप्टेंबरात आलं तेव्हा त्यांच्याकडे २जी-३जी नव्हतंच, कॉल करायला व्होएलटीई, म्हणजे ४जीवरूनच कॉल करायची सोय, पाहिजे, आणि तेव्हाच्या कितीतरी ४जी फोनमध्ये ते नव्हतं, म्हणून वेगळं अ‍ॅप टाकून कॉल करायला लागायचे. काहींना पुढे अपडेटमधून व्होएलटीई मिळालं, काहींना कंपनीने वाऱ्यावर सोडलं.

लोकांना वाटतं अपडेट म्हणजे आयकॉन गोल झाले, रंग बदलले, फोन स्लो झाला. तेही होतं, नाकारत नाही, आणि त्यामुळेच निम्मे लोक अपडेटला घाबरतात. पण सुरक्षा पॅच हा वेगळा विषय आहे. गुगल २०१५ पासून दर महिन्याला त्रुटींची यादी आणि दुरुस्त्या काढतं, त्या चिप बनवणाऱ्याकडे जातात, तिथून फोन कंपनीकडे, ती आपल्या मॉडेलवर बसवून तपासणार आणि मग तुमच्या फोनवर पाठवणार. ह्या साखळीत पैसा नसलेलं काम म्हणजे जुन्या स्वस्त मॉडेलचं. फोन एकदा विकला, आता त्याच्यावर इंजिनिअर कोण बसवणार? गुगल स्वतःही कायमचं देत नाही, अँड्रॉइडची बारावी आवृत्ती ऑक्टोबर २०२१ ला आली आणि मार्च २०२५ नंतर तिचे पॅच थांबले.

एवढं होऊन फोन बंद पडत नाही हीच गोम आहे. बंद पडला असता तर लोकांनी बोंब तरी मारली असती. तो चालत राहतो, मग एक दिवस एखादं अ‍ॅप म्हणतं मी नाही चालणार. व्हॉट्सअ‍ॅपने १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड ४.४ चे फोन सोडले, त्याच वर्षी ५ मेपासून आयफोन ५एस आणि ६ वाल्यांचा नंबर लागला. व्हॉट्सअ‍ॅपला मी दोष देणार नाही, २०१३ सालचं अँड्रॉइड किती दिवस ओढायचं त्यांनी. पण जिओफोनवाल्यांचं वाईट वाटलं. बटणाचा स्वस्त फोन, त्यात अँड्रॉइड नाही तर कायओएस नावाची सिस्टिम, २०१८ ला व्हॉट्सअ‍ॅप आलं म्हणून म्हाताऱ्या माणसांनी आणि शेतात काम करणाऱ्यांनी हौसेने शिकून घेतलं, आणि २०२५ च्या सुरुवातीला त्यावरचं व्हॉट्सअ‍ॅप बंद. त्या फोनची बटणं अजून घासून गुळगुळीत होईपर्यंत वापरतायत लोक.

आता हे मी काही जगावेगळं मागत नाहीये. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायदा लागू आहे की इंटरनेटला जोडणारी वस्तू विकायची तर सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत देणार ते जाहीर केलंच पाहिजे. युरोपियन युनियन तर आणखी पुढे गेलं, २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या फोनला मॉडेलची विक्री थांबल्यापासून, नीट वाचा, विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षं अपडेट, आणि स्पेअर पार्ट सात वर्षं. दिवाळीच्या ऑफरवाला आमचा गिऱ्हाईक असल्या नियमात आपोआप वाचतो. आणि तिथं फोन विकणाऱ्या कंपन्या कोण, तर बऱ्याचशा त्याच ज्या इथं विकतात. महागड्या फोनमध्ये तर स्वतःहून चढाओढ चाललीय, गुगलने २०२३ ला पिक्सेल ८ ला सात वर्षं दिली, सॅमसंगने २०२४ ला एस२४ ला सात दिली. पण लाखाच्या घरातला फोन घेणारा बहुतेक दोन-तीन वर्षांत तो बदलतोच, सात वर्षं एकच फोन वापरणारा माणूस माझ्या दुकानात येतो आणि त्याचा फोन दहा हजारांचा असतो.

आपल्याकडे सक्ती केली की होतं, हेही बघितलंय. २८ दिवसांच्या रिचार्जने वर्षाला तेरा रिचार्ज मारायला लागायचे, मोबाईल कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या ट्रायने २०२२ ला सांगितलं तीस दिवसांचा एक तरी प्लॅन ठेवा, ठेवला. डिसेंबर २०२४ ला सांगितलं नेट नको असणाऱ्यांसाठी नुसता कॉल आणि एसएमएसचा प्लॅन द्या, जानेवारीत आला (स्वस्त आला असं मी म्हणणार नाही). १ एप्रिल २०२५ पासून नेटवर्क कुठे आहे त्याचे नकाशे वेबसाइटवर टाका म्हटलं, टाकले. पण फोनचं अपडेट ट्रायच्या हद्दीत येत नाही, डब्यावर काय छापायचं ते केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे. त्यांनीच नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये मोबाईल आणि इतर वस्तूंच्या दुरुस्ती निर्देशांकाचा (म्हणजे वस्तू दुरुस्त करायला किती सोपी त्याच्या गुणांचा) अहवाल दिला, त्यात स्पेअर पार्ट, दुरुस्तीची माहिती ह्याबरोबर सॉफ्टवेअर अपडेट हाही निकष धरलाय, डब्यावर क्यूआर कोडने माहिती द्यायचंही त्यात आहे. छान आहे. पण माझ्याकडे येणाऱ्या डब्यांवर अजून तसलं काही बघितलं नाही, आणि निर्देशांक, गुण, क्यूआर एवढं सगळं होईपर्यंत निदान एक तारीख तरी छापून घ्या, तिला समिती कशाला पाहिजे?

कंपन्या म्हणतील खर्च वाढेल. मी सात वर्षं मागतच नाहीये, एक वर्षच देणार असाल तर एक वर्ष छापा, घेणारा बघून घेईल. दुकानदार म्हणतील जुना माल पडून राहील, तर राहील, त्यात माझेही चार डबे असतील, तेवढी किंमत उतरवून विकू. कॉलेजची पोरं म्हणतात काका कस्टम रॉम (कंपनीच्या ऐवजी बाहेरच्यांनी बनवलेली सिस्टिम) टाका, मी टाकलेत, पण त्यावर बँकेची अ‍ॅप कुरकुर करतात आणि भाजीवाल्या मावशींना तो उद्योग सांगणार कोण.

तारीख छापलेली असली तर आणखी एक होईल. कंपनीने त्याआधीच हात वर केले तर गिऱ्हाईकाच्या हातात कंपनीने छापलेला डबा आणि दुकानाचं बिल असेल, आणि ते घेऊन त्याला सोलापूरला जिल्हा ग्राहक आयोगात जाता येईल. आज तो जाऊन सांगणार काय, अपडेट येत नाही? कोणी देतो म्हणून लिहून दिलंय कुठं? पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथं फीसुद्धा लागत नाही, हेही जमलं तर छापा.

आपला,
एक मोबाईल रिपेअरिंगवाला वाचक, बार्शी, जि. सोलापूर