‘जलप्रदूषण’ हा प्रश्न नव्हे

महोदय,

विज्ञान प्रकल्पांचे दिवस आले की ‘जलप्रदूषण : एक समस्या’ हे शीर्षक हमखास दिसते. हा विषय झाला, प्रश्न नव्हे. मोजायचे काय हेच ठरलेले नसते, म्हणून मुले नेटवरची माहिती उतरवून मोकळी होतात.

त्याऐवजी ‘शेतातल्या विहिरींत गावठाणातल्या विहिरींपेक्षा नायट्रेट जास्त असते का?’ असे विचारून पाहावे. नायट्रेट म्हणजे पाण्यात विरघळणारा, नायट्रोजन असलेला क्षार. पाण्यात बुडवल्यावर रंग बदलणाऱ्या चाचणीपट्ट्यांनी शाळेच्या खर्चात हे तपासता येते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, त्यामुळे आकडे ताडून पाहायला आधारही मिळतो. टीडीएस मीटर मात्र इथे कामाचे नाही. ते पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून एकूण क्षारांचा अंदाज देते, त्यातले नायट्रेट किती ते सांगत नाही.

खरी गोची पुढे आहे. नायट्रेट खतातून येते, तसे गोठ्यातून आणि शोषखड्ड्यातूनही येते. गावठाणातली विहीर गोठ्याला लागून असेल तर दोन्हीकडचे आकडे सारखे येतील आणि ‘खताचा परिणाम नाही’ असा चुकीचा निष्कर्ष वहीत जाईल. म्हणून प्रत्येक विहिरीची खोली आणि गोठा-शोषखड्ड्यापासूनचे अंतर आधी नोंदवावे, दोन्ही प्रकारच्या निदान पाच-सहा विहिरी घ्याव्यात. एकेका विहिरीवर काहीच सिद्ध होत नाही.

बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी. हातपंप असेल तर साठलेले पाणी आधी उपसून टाकावे. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी तपासावा, कारण उबेत जिवाणू नायट्रेटचे प्रमाण बदलतात. प्रत्येक नमुन्याची तीन वाचने घ्यावीत.

सर्वाधिक घोटाळा एककाचा होतो. काही पट्ट्या नायट्रेट दाखवतात, काही नायट्रेटमधला फक्त नायट्रोजन. दुसऱ्या प्रकारच्या पट्टीवरचे १० म्हणजे नायट्रेट सुमारे ४४, अगदी मर्यादेच्या काठावर. डबीवरचे बारीक अक्षर न वाचता हे पाणी ‘मर्यादेच्या खूप खाली’ ठरवले जाते. गावकरी तेच पाणी पितात, म्हणून ही चूक साधी नाही. पाणी उकळूनही नायट्रेट जात नाही, उलट त्याचे प्रमाण वाढते, हेही मुलांनी अहवालात लिहावे.

प्रदर्शनाच्या परीक्षकांना कळकळीची विनंती : रंगीत तक्त्यांआधी कच्ची नोंदवही मागा, आणि ‘फरक आढळला नाही’ असा प्रामाणिक निष्कर्ष असेल तर गुण कापू नका.

– एक रसायनशास्त्र शिक्षक, जळगाव